फौजी कॉलेजात गेला की 'पालकाची सही आणा'?

हवालदार_निवृत्त:
काल इथं एकानं लिहिलं, "माजी सैनिकांना कॉलेजात वेगळं काही कशाला, पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, हौस असेल तर मुक्त विद्यापीठ आहेच." वाचून डोकं फिरलं म्हणून हा धागा. १७ वर्षं नोकरी करून ३६व्या वर्षी घरी आलो. तालुक्याच्या कॉलेजात बीएला नाव घालायला गेलो तर खिडकीतला क्लार्क म्हणतो गॅपचं, म्हणजे शिक्षणात खंड का पडला त्याचं अ‍ॅफिडेव्हिट आणा. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या नोकरीचा दाखला, पुढं केलं, त्यानं उघडलंसुद्धा नाही. वर फॉर्मवर पालकाची सही! कुणाला नेऊ, दहावीतल्या पोरीला? फीमाफी नको. नियम अठराच्या पोराला धरून केलेत, तेवढे बदला.

कोकणकडा:
ते लिहिणारा मीच. नियम सगळ्यांना सारखा. माझी बायको ११ वर्षांनी बीएडला गेली, तिलाही अ‍ॅफिडेव्हिट लागलं, तिनं धागा नाही काढला. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून कशासाठी आहे मग? आणि १५ वर्षं सर्व्हिस झाली की तुम्हाला ग्रॅज्युएट धरतातच की.

हवालदार_निवृत्त:
ते क गटाच्या भरतीपुरतं. त्या कागदावर एमएला अ‍ॅडमिशन मिळवून दाखवा, मिशी उतरवतो. आणि वहिनींचंही अ‍ॅफिडेव्हिट बंद करा की, मी कुठं नको म्हणालो.

तासिकावाला:
आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. वर्गात दोन फौजी आहेत, सगळ्यात सिन्सियर, माझ्यापेक्षा मोठे असून मी आलो की उभे राहतात, मलाच कसंतरी होतं. पण सवलत म्हणजे जादा तास, ते घेणार कोण? आम्हीच. मानधन सहा-सहा महिने नाही. आधी आमचं बघा मग फौजींचं.

कोकणकडा:
+१

सिएटलकर:
इथं अमेरिकेत जीआय बिलावर, म्हणजे सैनिकांच्या शिक्षणाच्या सरकारी योजनेवर, ३६ महिन्यांपर्यंत फी मिळते, वर घरभाडं. मध्येच ड्युटीवर बोलावलं तर परत आल्यावर कॉलेजला घ्यावंच लागतं, कायदा आहे. आपल्याकडे जवानाची सुट्टी कॅन्सल झाली की सेमिस्टर बुडालं.

कोकणकडा:
आले अमेरिकावाले. त्याच पैशासाठी तिथल्या खाजगी कॉलेजांनी सैनिकांना टाकाऊ डिग्र्या विकल्या तेही लिहा.

सिएटलकर:
झालंय तसं. नाकारत नाही.

नाशिकची_आई:
अवांतर होईल, पण तो फौजींच्या मुलांचा डिफेन्स कोटा? माझा मुलगा रात्र-रात्र जागून अभ्यास करून मनासारखं कॉलेज नाही आणि आमच्या सोसायटीतल्या कर्नलच्या मुलाला कमी मार्कांवर सीट. हा कुठला न्याय?

सुभेदारीण:
ताई, ५ टक्के जागा आहेत, पन्नास नाही. कर्नलचा पोरगा दिसला, माझा नाही दिसला. पाचवीत जालंधर, सातवीत तेजपूर, नववीत सातारा. मराठीत नापास झाला तर बाई म्हणाल्या घरी मराठी बोलत नाही का. घरी बाप असता तर बोलला असता.

नाशिकची_आई:
तुम्ही स्वतः निवडलीय ती नोकरी, कुणी जबरदस्ती केली नव्हती.

सुभेदारीण:
तोंड सांभाळून बोला हं.

तासिकावाला:
आमच्या बदल्या होत नाहीत कारण आम्ही पर्मनंटच नाही, हे जाता जाता.

हवालदार_निवृत्त:
अहो धागा काय, चाललंय काय! कोटा पोरांना, पंतप्रधान स्कॉलरशिप पोरांना आणि विधवांना, जवान स्वतः शिकतो म्हटल्यावर सगळे गप्प. ह्यावर बोला.

पप्पू_बारामती:
मी बोलतो. अग्निवीरांची पहिली बॅच २०२२ अखेरीस लागली, चार वर्षं भरली की निदान ७५ टक्के पोरं बाहेर. माझा मावसभाऊ त्यातच आहे. इग्नूच्या डिग्रीत अग्निवीरांना निम्मे क्रेडिट ट्रेनिंगवरच मिळतात, आपल्या कॉलेजात विचारलं तर म्हणाले आधी ७५ टक्के हजेरी दाखव. तो काय बॉर्डरवरून थंब लावणार?

कोकणकडा:
बरं बाबा, पालकाची सही काढा आणि ड्युटीवाल्याला हजेरी सोडा. झालं समाधान? वेगळा कक्ष, वेगळा समन्वयक वगैरे फॅडं मात्र नकोत, बोर्ड लागतो आणि खोलीला कुलूप.

हवालदार_निवृत्त:
कुलपाचं पटलं, आमच्याकडेही तसंच आहे.

सुभेदारीण:
काका, सही शेवटी कुणी केली मग?

हवालदार_निवृत्त:
बायकोनं. नात्याच्या रकान्यात फक्त वडील आणि आई होतं. क्लार्कनं 'आई'वर टिक केली.