प्रति: कडक शिस्त आणि कोच

कडक शिस्तीच्या बाजूने म्हटलं जातं की कॉलेज फुटबॉलमध्ये (अमेरिकन, आपला पायाने खेळायचा नव्हे) वर्षानुवर्षं टिकायचं तर पोरांना पिळूनच काढावं लागतं. अमेरिकन कोच जॉन गॅलियार्डींनी बरोब्बर उलटं केलं. मोंटानातल्या कॅरोल कॉलेजात चार हंगाम, मग मिनेसोटातल्या सेंट जॉन्समध्ये १९५३ ते २०१२ असे साठ! एकूण ४८९ विजय. दुसरे कॉलेज कोच एडी रॉबिन्सन यांचा ४०८ विजयांचा विक्रम मोडला तेव्हा हे ७७ वर्षांचे होते, आणि त्याच वर्षी, २००३ मध्ये, राष्ट्रीय विजेतेपदही घेतलं.

सरावात टॅकल (समोरच्याला धरून खाली पाडणं) बंद, शिट्टी नाही, दीड तासाच्या वर सराव नाही. 'कोच' म्हणायचं नाही, नुसतं जॉन. (आमच्या सरांना अशी हाक मारली असती तर मैदानाला दहा फेऱ्या ठरलेल्या.) मुळात सोळाव्या वर्षी, शाळेचा कोच युद्धावर गेला म्हणून टीम यांच्या गळ्यात पडली. खेळाडू म्हणून जे जे नकोसं वाटायचं ते यांनी काढून टाकलं.

एक मात्र कबूल. सेंट जॉन्स ज्यात खेळतं त्या डिव्हिजन थ्रीत (कॉलेज खेळांची खालची श्रेणी) खेळासाठी शिष्यवृत्त्या नसतात, टीव्हीचा पैसाही नाही. अलाबामासारख्या फुटबॉलच्या बड्या विद्यापीठात हे खपलं असतं का, शंकाच आहे.