विषय: क्रूझवर स्कूबाचं सामान न्यायचं आहे, कुणाला माहिती आहे का?

प्रेषक: केतकी

नमस्कार मंडळी,

जुलैतल्या मंडळाच्या क्रूझला आम्ही दोघंही येतोय. जहाज आधी कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटाला आणि मग मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला थांबणार हे कळल्यापासून आमचं सगळं लक्ष तिकडेच आहे. दोघांकडेही ओपन वॉटरचं (स्कूबाच्या पहिल्या पातळीचं) कार्ड आहे, आणि दोन्ही ठिकाणी डाइव्ह करायचीच असं ठरवलंय.

सामान आमचं स्वतःचं आहे: मास्क, फिन्स, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र), बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जाकीट), वेटसूट, टॉर्च, पायाला बांधायची छोटी सुरी, आणि दुरुस्तीचा एक पाऊच. पाऊचमध्ये ॲलन कीचा संच, पक्कड, पाना, ओ-रिंगा (सांध्यांत बसवायच्या रबरी कड्या) असं बरंच काही आहे. कंपनीच्या मनाईच्या यादीत ‘धारदार वस्तू’ आणि ‘अवजारे’ एवढंच मोघम लिहिलंय. चढतानाच हे सगळं काढून घेतील का? आणि खाऱ्या पाण्यात भिजलेलं सामान त्या एवढ्याशा केबिनमध्ये वाळवायचं कुठे?

आपल्या या ईमेल यादीवर कुणी डायव्हर असतील तर जरूर लिहा.

केतकी

*

प्रेषक: श्रीरंग

केतकी,

निघायला वेळ असतानाच विचारलंस हे फार चांगलं केलंस. बहुतेक जण हा प्रश्न थेट गँगवेवर (जहाजात चढायच्या पुलावर) विचारतात, आणि तिथे उत्तर देणाऱ्याच्या मागे शंभर माणसं रांगेत उभी असतात.

मी सामान भरताना एकच गोष्ट बघतो. जे अंगाला बसावं लागतं आणि ज्यातून श्वास घ्यायचा, ते आपलं स्वतःचं न्यावं. जे जड आहे किंवा ज्याला धार आहे, ते घरी ठेवावं. मास्क, रेग्युलेटर, डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखाली खोली आणि वेळ दाखवणारं यंत्र) आणि वेटसूट यांच्यासाठी मी बॅगेत खुशाल जागा करीन. बीसीडीचं ज्याने त्याने ठरवावं. तू बारीक चणीची असशील आणि भाड्याचा नीट बसत नसेल तर ने. सिलिंडर आणि शिशाची वजनं यांचा विचारही करू नकोस. नेहमीचा ॲल्युमिनियमचा ‘८०’ सिलिंडर रिकामाच १४ किलोच्या आसपास भरतो, आणि भरला की आत २०७ बार दाब असतो. असली वस्तू केबिनमध्ये कुणीही ठेवू देणार नाही, आणि ठेवूही नये. सिलिंडर आणि वजनं डाइव्ह ऑपरेटर देतोच, ती भाड्यातच धरलेली असतात.

सुरी नेऊच नकोस. जहाजावर ती बहुधा सुरक्षा विभाग ताब्यात घेतो. काही कंपन्या बंदरापुरती देतात आणि परत येताना पुन्हा जमा करून घेतात, काही शेवटच्या दिवशीच हातात ठेवतात. पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. कोझुमेलचे रीफ, म्हणजे प्रवाळाचे खडक, १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान आहेत आणि तिथे पाण्यात सुरी आणि हातमोजे दोन्हींना बंदी आहे. ग्रँड केमनलाही डायव्हिंग करताना हातमोजे घालायला कायद्याने मनाई आहे. हातात मोजे असले की माणूस बिनधास्त प्रवाळाला धरतो, म्हणून हे नियम आहेत, आणि मला ते अगदी योग्य वाटतात. तेव्हा या सहलीत सुरी पाण्यात उतरणारच नसेल तर तिच्यासाठी गँगवेवर वाद कशाला घालायचा? भाल्याची बंदूक कुणाच्या मनात असेल तर तीही घरीच.

आता दुरुस्तीचा पाऊच. ॲलन कीला सहसा कुणी हरकत घेत नाही. पक्कड आणि पाना मात्र तपासणाऱ्याच्या मर्जीवर, आणि मल्टीटूल असेल तर त्यातल्या पात्यामुळे ते सुरीतच मोजतात. बोटीवर प्रत्यक्षात काय बिघडतं ते बघ: माउथपीस फाटतं, मास्कचा किंवा फिनचा पट्टा तुटतो, ओ-रिंगमधून फसफसतं. यातल्या एकालाही पक्कड लागत नाही. जादा माउथपीस, दोन-चार झिप टाय, जादा पट्टे, ओ-रिंगा, सिलिकॉन ग्रीसची छोटी डबी एवढ्यात भागतं. झिप टायचं टोक कापायला नेलकटर उत्तम चालतो आणि त्याला कुणी अडवत नाही. होज (हवेची नळी) सोडवायची वेळ आलीच तर पाना डाइव्ह सेंटरवर असतो. त्यापेक्षा रेग्युलेटरची सर्व्हिसिंग निघण्याच्या महिनाभर आधी करून घे आणि नंतर जवळपास कुठेतरी एक डाइव्ह करून तो तपास. सर्व्हिसिंगहून थेट जहाजावर नेऊ नकोस.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा आपण टॅग लावून सोपवतो, त्या एक्स-रेतून जातात आणि संध्याकाळपर्यंत केबिनच्या दारात येतात. आत काही संशयास्पद दिसलं तर अख्खी बॅग अडकते, आणि मग खाली जाऊन सुरक्षारक्षकासमोर उघडावी लागते. म्हणून रेग्युलेटर, कॉम्प्युटर, मास्क हे हातातल्या बॅगेत ठेव, आणि पाऊचही त्यातच, म्हणजे विचारलं की लगेच काढून दाखवता येतो. विमानाने बंदरापर्यंत जाणार असाल तर मात्र पाना-पक्कड चेक-इन बॅगेत, आणि टॉर्चच्या जादा लिथियम बॅटऱ्या कायम केबिन बॅगेत, टोकांना टेप लावून. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही. टॉर्चमधली बॅटरी काढून ठेव. बॅगेत चुकून पेटला तर शक्तिशाली टॉर्च भयंकर तापतो.

आणि कंपनीला आजच ईमेल कर. ‘डायव्हिंगचं सामान चालेल का’ असं मोघम विचारू नकोस, एकेका वस्तूचं नाव लिहून विचार. आलेलं उत्तर छापून बरोबर ठेव, कारण प्रत्येक बंदरावरून परतताना एक्स-रे होतो आणि दर वेळी मशीनवरचा माणूस वेगळा असतो.

वाळवण्याबद्दल रात्री लिहितो.

श्रीरंग

*

प्रेषक: मेधा

केतकी, श्रीरंगदादांनी सामानाचं सगळं नीट सांगितलंय. मी डॉक्टर म्हणून एका कागदाबद्दल लिहिते, कारण डाइव्ह हुकते ती सुरीपायी नाही, या कागदापायी.

प्रत्येक डाइव्ह ऑपरेटर बोटीवर चढण्याआधी वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतो. दमा, रक्तदाबाची गोळी, अलीकडचं ऑपरेशन, कानाचा त्रास अशा प्रश्नांत काही उत्तरं ‘हो’ आली तर डॉक्टरची सही लागते. धक्क्यावर सकाळी सात वाजता डॉक्टर कुठून आणणार? जहाजावरच्या डॉक्टरांवर विसंबू नका, ते अशी सही करतीलच असं नाही. खोटं ‘नाही’ लिहून पाण्यात उतरणं तर अजिबात नको. हे मी अगदी कळकळीने सांगते. फॉर्म ऑपरेटरकडून आधीच मागवा, तुमच्या डॉक्टरांकडून सही घ्या, आणि कार्ड, लॉगबुकबरोबर ठेवा.

मळमळीच्या गोळ्या घेणार असाल तर त्या आधी घरी घेऊन बघा. काहींनी चांगलीच झोप येते, आणि ते पाण्याखाली समजणं बरं नाही.

विमा बघा. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बऱ्याचदा वगळलेलं असतं. जहाजाच्या दवाखान्यात रीकम्प्रेशन चेंबर (डाइव्हनंतर दाब कमी झाल्याने होणाऱ्या आजारावर उपचार करायची दाबाची खोली) असेल अशी अपेक्षा ठेवू नका. तो किनाऱ्यावर असतो, आणि जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून डाइव्हनंतर सांधे दुखणं, हातपाय बधिर होणं, विचित्र थकवा असं काहीही वाटलं तर ‘केबिनमध्ये पडते जरा’ म्हणू नका, बंदरावर असतानाच सांगा.

विमानाबद्दल डॅनचा (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग सुरक्षेच्या संस्थेचा) सल्ला असा, की एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्ह किंवा सलग दिवसांच्या डाइव्हनंतर किमान १८ तास थांबावं. कोझुमेलनंतरचा अख्खा दिवस आपण समुद्रातच आहोत, तेव्हा परतीचं विमान अडचणीचं नाही. मात्र डाइव्ह करून त्याच दुपारी हेलिकॉप्टरची सफर वगैरे कुणी सुचवली तर नाही म्हणा.

मेधा

*

प्रेषक: श्रीरंग

मेधाताईंनी लिहिलेलं सगळ्यांनी वाचा, डायव्हिंग न करणाऱ्यांनीही. आपल्यातलं कुणी बोटीवरून परत आल्यावर गप्प-गप्प दिसलं तर विचारायला हवं ना.

आता वाळवणं. जुलैत तिथलं पाणी २८-२९ अंश असतं, तेव्हा तीन मिलिमीटरचा किंवा आखूड वेटसूट पुरतो, आणि तो लवकर वाळतो. शॉवरखाली सगळं गोड्या पाण्याने धू. रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजला (सिलिंडरला जोडायच्या भागाला) डस्ट कॅप घट्ट लाव आणि धुताना पर्जचं (हवा सोडायचं) बटण दाबू नकोस, नाहीतर पाणी आत शिरतं. बीसीडीत थोडं गोडं पाणी भरून, हलवून, उलटा धरून काढून टाक. जहाजाच्या केबिनच्या भिंती बहुतेक पोलादी असतात, म्हणून चुंबकाचे हुक फार उपयोगी पडतात, दोन-चार नेच. वेटसूट उलटा करून जाड हँगरवर शॉवरमध्ये टांग. बाल्कनीच्या कठड्यावर काहीही ठेवू नकोस. चालत्या जहाजावरचा वारा फिन सहज उडवतो, आणि मग ते समुद्रात कायमचं प्लास्टिक. शेवटच्या रात्री बॅगा कॉरिडॉरमध्ये ठेवायच्या असतात, तोवर मधल्या दिवसात सगळं वाळतं.

चार्जरसाठी सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून उपकरण वाचवणारा भाग) असलेली प्लगची पट्टी नेऊ नका. जहाजाची वीजजोडणी घरासारखी नसते, बिघाड झाला की ती पट्टी तापून पेटू शकते. अमेरिकी तटरक्षक दलाने २०१३ मध्ये याबद्दल इशारा दिला होता, आणि पट्टी तपासणीत काढूनच घेतात.

एक गोष्ट मात्र कुठल्याही मनाईच्या यादीत नसते, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. २०१४ मध्ये मायामीजवळ प्रवाळांचा एक रोग पहिल्यांदा दिसला. त्याने दगडी प्रवाळाचं मांसल अंग झडून जातं आणि नुसता पांढरा सांगाडा उरतो. शेकडो वर्षांची वसाहत काही आठवड्यांत मरते. २०१८ मध्ये तो कोझुमेलला पोचला, २०२० मध्ये ग्रँड केमनला. क्रूझवरचा डायव्हर एका बेटावरचं ओलं सामान थोड्याच वेळात दुसऱ्या बेटाच्या पाण्यात बुडवतो. इतक्या घाईने जागा बदलणारा डायव्हर दुसरा नाही. त्यामुळे केमनची डाइव्ह झाली की ऑपरेटरला निर्जंतुक करायच्या टबाबद्दल विचार आणि बीसीडी, वेटसूट, फिन्स त्यात बुडवून मगच गोड्या पाण्याने धू. बीसीडीच्या आतलं पाणी काढायला विसरू नकोस, ओलावा सगळ्यात जास्त तिथेच राहतो. टब नसेल आणि कोझुमेलपर्यंत बीसीडी वाळला नसेल, तर तिथे भाड्याचा घे. त्या रीफसाठी तेवढं आपण करायलाच हवं.

श्रीरंग

*

प्रेषक: केतकी

श्रीरंगकाका, मेधाताई, मनापासून आभार.

कंपनीचं उत्तर आलं. मास्क, फिन्स, रेग्युलेटर, बीसीडी, वेटसूट चालेल. सिलिंडर, भाला, सुरी नाही. पाना आणि पक्कड ‘चढताना तपासून ठरवू’. दोन्ही घरी ठेवतोय. नवऱ्याला लहानपणी दमा होता, त्यामुळे त्याने डॉक्टरांची वेळ घेतलीय. केमनच्या ऑपरेटरने टब असल्याचं कळवलंय.

एकच राहिलं: डाइव्ह जहाजातर्फे घ्यावी की स्वतंत्र ऑपरेटरकडून?

केतकी

*

प्रेषक: श्रीरंग

केतकी, स्वतंत्र ऑपरेटरकडे गट छोटा मिळतो आणि माझा कल तिकडेच आहे. पण केमनला क्रूझ जहाजं धक्क्याला लागत नाहीत, छोट्या बोटींनी किनाऱ्यावर जावं लागतं, आणि पहिल्या बोटी बहुतेक जहाजाच्या स्वतःच्या सहलींना देतात. म्हणून केमनची डाइव्ह जहाजातर्फे घे, कोझुमेलची स्वतंत्र.

घड्याळाचं मात्र सांभाळ. कोझुमेल आणि केमन दोन्ही बेटांवर उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. आपण फ्लोरिडातून निघतोय. जहाजाने तिथलीच वेळ कायम ठेवली तर बेटावरचं घड्याळ जहाजाच्या तासभर मागे असेल, आणि फोन आपोआप बेटाची वेळ दाखवायला लागेल. स्वतंत्र डाइव्ह लांबली तर जहाज थांबत नाही. ऑपरेटरशी वेळ ठरवताना ‘जहाजाची की बेटाची’ हे विचारून लिहून घे, आणि साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेव.

श्रीरंग