मदत हवी आहे: शाळेतल्या भूकंपाच्या टेबलासाठी मोटर

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा. रिकाम्या वर्गखोलीत हात लावून बघायचं विज्ञान मांडतोय. (लेकरांना मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात न्यायचा खर्च झेपत नाही.) पाइपात ४५ अंशात आरसे बसवून पेरिस्कोप झाला. अडलंय ते भूकंपाचं टेबल, म्हणजे भूकंपात जमीन हलते तसं मोटरवर हलणारं टेबल. १९९३चा किल्लारीचा भूकंप इथं प्रत्येक आजीच्या तोंडी आहे. दगडमातीची जड भिंत का ढासळते, हे लेकरांनी स्वतः टेबल हलवून बघावं, एवढंच. मिक्सरची मोटर लावली तर टेबलच पळालं! गाडीची १२ व्होल्टची जुनी वायपर मोटर चालेल का? वेग कमी-जास्त कसा करायचा? लातुरात कुणाकडे पडून असेल तर येऊन घेऊन जातो.