अनुभव धागा: नेटची कंपनी बदलली, राउटर जुनाच ठेवला

नमस्कार मंडळी,
घरचं नेट एका कंपनीकडून दुसरीकडे नेताना आधीचा मोडेम किंवा राउटर चालतो का, हे ज्यांनी स्वतः करून बघितलंय त्यांचे अनुभव एका जागी यावेत असं फार वाटतं. कारण कनेक्शन लावायला येणारा मुलगा सरसकट "जुनं चालणार नाही, नवीन घ्या" म्हणून मोकळा होतो आणि चांगले चालते राउटर माळ्यावर नाहीतर भंगारात जातात.

माझ्यापासून सुरुवात करते. आम्ही पुण्यात, कोथरूडला. फायबरच होतं, फायबरच घेतलं, फक्त कंपनी दुसरी. मुळात भिंतीवरचा डबा आणि वायफायचा राउटर ही दोन वेगळी कामं आहेत. फायबरमधून येणारा प्रकाश ओळखून त्याचं नेट करणारा तो ओएनटी, आणि ते नेट घरभर पसरवणारा तो राउटर. बऱ्याच कंपन्या दोन्ही एकाच डब्यात देतात म्हणून आपल्याला वाटतं की कंपनी गेली की सगळंच गेलं. माझा राउटर वेगळा, स्वतः विकत घेतलेला. नव्या कंपनीने त्यांचा ओएनटी लावला, त्याच्या लॅन पोर्टमधून (घरात नेट देणारं भोक) केबल काढून माझ्या राउटरच्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेट आत घेणारं भोक) घातली, राउटरच्या सेटिंगमध्ये पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीकडे लॉगिन करायचं, नवीन युजरनेम आणि पासवर्ड टाकला, नेट सुरू. वायफायचं नाव-पासवर्ड जुनंच राहिल्यामुळे टीव्ही, प्रिंटर, आईचा फोन, कशालाच हात लावावा लागला नाही. मला तर हा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

लिहिताना आधी काय होतं आणि नंतर काय घेतलं, म्हणजे फोनची तार, केबल की फायबर, ते जरूर लिहा, त्याशिवाय इतरांना उपयोग होणार नाही.

सांगलीकर
आमच्याकडे बीएसएनएलचं डेटावन होतं, २००५ ला ते सुरू झालं त्यानंतर लगेच घेतलेलं, मग त्यावरच मोडेम बदलत गेलो. शेवटचा मोडेम वायफायवाला, एडीएसएलचा, म्हणजे फोनच्या तारेवरून नेट घेणारा. फायबर घेतलं तेव्हा तोच लावता येईल का विचारलं तर नाही, आणि इथे लाइनमनचं म्हणणं बरोबरच होतं, कारण त्याला मागे फोनच्या तारेचं बारीक भोक असतं, आरजे ११, आणि वॅन पोर्टच नसतो. पण टाकून दिला नाही. ब्राउझरमधून १९२.१६८.१.१ वर जाऊन त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला म्हणजे नव्या राउटरशी भांडण नको, डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणं) बंद केलं, आणि नव्या राउटरच्या लॅनमधून ह्याच्या लॅनमध्ये केबल दिली. आता मागच्या खोलीत जिथे रेंज पोचत नव्हती तिथे तो वायफाय देतो. पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत आणि फक्त २.४ गिगाहर्ट्झ, त्यामुळे फार वेगाची अपेक्षा नको, पण वडिलांना त्यावर बातम्या, कीर्तनं, सगळं न अडकता बघता येतं.

डोंबिवलीचा रहिवासी
केबलवाल्याच्या नेटवरून दुसऱ्या केबलवाल्याकडे गेलो. इथे अजून बऱ्याच बिल्डिंगमध्ये गच्चीवरच्या स्विचमधून साधी लॅनची वायर घरात येते, ओएनटी वगैरे काही नाही, त्यामुळे राउटर तोच चालणार याची खात्री होती. वायर लावली, युजरनेम टाकलं, तरी नेट येईना. ऑपरेटरकडे मॅक बाइंडिंग होतं, म्हणजे ज्याचा मॅक अ‍ॅड्रेस (उपकरणाचा ओळख क्रमांक) नोंदवलाय त्यालाच नेट. त्यांच्या माणसाने टेस्टिंगला आधी स्वतःचा लॅपटॉप जोडला होता आणि सिस्टिमने त्याचाच मॅक अ‍ॅड्रेस धरून ठेवला. फोन करून "माझ्या राउटरचा मॅक चढवा" सांगितलं, राउटरच्या खाली स्टिकरवर असतो तो वाचून दाखवला, पाच मिनिटांत चालू.

दुसरी गोष्ट, प्लॅन २०० चा घेतला पण स्पीड ९४ च्या वर जाईना. सगळे राउटरला दोष देत होते. राउटर गिगाबिटचा (१००० एमबीपीएसपर्यंतचा) होता, घरातली जुनी वायर मात्र चारच तारांवर क्रिम्प केलेली, म्हणजे टोकाच्या पिनेत चारच तारा बसवलेल्या. १०० पर्यंत चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. वायर बदलली, प्रश्न मिटला. राउटर बदलायच्या आधी वायरीचं टोक नक्की बघा.

नाशिकहून
मी ओएनटीच पुन्हा वापरलाय, आणि ते जमतं पण प्रत्येक ठिकाणी नाही. आधीच्या लोकल ऑपरेटरकडे पैसे भरून घेतलेला डबा होता, माझ्या मालकीचा. नव्याला विचारलं तर त्याने आधी डबा कुठला ते पाहिलं. फायबरमध्ये जीपॉन आणि ईपॉन असे दोन प्रकार, एकाचा डबा दुसऱ्यावर चालत नाही. माझा एक्सपॉन निघाला, तो दोन्हीकडे चालतो. मग त्याने डब्याचा सीरियल नंबर त्यांच्या ऑफिसच्या मशीनमध्ये चढवून घेतला. तो चढवल्याशिवाय पॉनचा दिवा नुसता लुकलुकत राहतो, तुम्ही घरी बसून कितीही सेटिंग करा.

फायबरच्या वायरीच्या टोकाचा रंगही बघा. हिरवं टोक तिरकं घासलेलं असतं, निळं सरळ. हिरवं निळ्यात घुसतं, पण प्रकाश नीट जात नाही आणि सिग्नल पडतो. आमच्याकडे हेच झालं होतं, कनेक्शन लावायला आलेल्या मुलाने टोक बदलून दिलं.

मोठ्या कंपन्यांचे डबे मात्र बहुतेक त्यांच्याच सॉफ्टवेअरने कुलूपबंद असतात आणि बऱ्याचदा मालकीही त्यांचीच असते. ते परत करा, पोचपावती घ्या आणि डिपॉझिट मागा. माझ्या चुलतभावाकडे पावती नव्हती म्हणून एका कंपनीने डबा परत आलाच नाही असं सांगून पैसे अडवले.

फोंड्यातली
ताई, तुम्ही धागा काढलात ते फार बरं केलंत. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट सतत जाते म्हणून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतलेला. कंपनी बदलली तेव्हा ओएनटी आणि राउटर दोन्ही त्यावरच लावले. पण आधी दोघांच्या अ‍ॅडाप्टरवरचं वाचून घेतलं. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, पिन मात्र तीच बसते, आणि चुकीचं लावलं तर जळू शकतं. अँपिअरची बेरीजही यूपीएसला झेपते का ते बघावं लागतं.

कोल्हापुरी
घरी आजोबांचा लँडलाइन नंबर आहे, तो कुठल्याही परिस्थितीत जाऊ द्यायचा नव्हता. फायबरवर फोन ओएनटीच्या मागच्या फोन पोर्टमधून चालतो. म्हणून ओएनटी कंपनीचाच ठेवला, त्यातलं वायफाय बंद केलं आणि नेट ब्रिज मोडला टाकून घेतलं, म्हणजे ओएनटी नेट नुसतं पुढे सोडतो. आता पीपीपीओई माझा जुना राउटर करतो, फोन ओएनटीवर चालतो. ब्रिज नसेल तर दोन राउटर एकामागे एक लागतात, डबल नॅट होतं, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते. साध्या वापराला त्याने काही बिघडत नाही, पण ऑनलाइन गेम आणि बाहेरून कॅमेरा बघायला अडतं. कस्टमर केअरला ब्रिज मोड समजावताना दमछाक होते, सरळ लाइनमनला विचारा.

म्युनिकहून
इकडे जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे, राउटर कुठला लावायचा ते ग्राहक ठरवणार आणि कंपनीने लॉगिनची माहिती द्यायलाच हवी. कंपनीची हद्द भिंतीतल्या सॉकेटपाशी संपते. मी डीएसएलवरून, म्हणजे फोनच्या तारेवरून, केबलवर गेले. माझा फ्रिट्झबॉक्स (इकडचा राउटर) डीएसएलचा, तो टीव्हीच्या केबलला थेट जोडता येत नाही, पण कंपनीच्या केबल मोडेममागे लावून सेटिंगमध्ये लॅन १ ला वॅन केलं की राउटर म्हणून उत्तम चालतो. आपल्याकडेही असा नियम यावा असं मला मनापासून वाटतं.

न्यू जर्सीतला मराठी
इथे केबल कंपन्या मोडेमचं दरमहा भाडं घेतात म्हणून स्वतःचा घेणं परवडतं, फक्त तो डॉक्सिसचा (टीव्हीच्या केबलवरून नेट देण्याची पद्धत) आणि त्या कंपनीच्या मान्य यादीतला हवा. यादी कंपनीगणिक वेगळी असते. तुम्ही स्वतःचा वापरत असाल तर भाडं लावता येत नाही असा २०१९ चा कायदा आहे, तो २०२० च्या डिसेंबरपासून लागू आहे. तरी बिल वाचत जा. पुढे फायबर घेतलं तेव्हा मोडेम निरुपयोगी ठरला, राउटर मात्र तोच चालला. कंपनीचा राउटर काढायच्या आधी त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आयपी (नेटवरचा पत्ता) रिलीज केला, म्हणजे सोडून दिला, आणि मगच माझा लावला, नाहीतर नव्याला पत्ता मिळायला वेळ लागतो.

धागाकर्ती
केवढं काय काय कळलं! नाशिकच्या दादांना एक विचारायचंय, कंपनीचा डबा परत करताना त्यातला आपला वायफाय पासवर्ड वगैरे राहतो का?

नाशिकहून
राहतो ना. मागे रिसेटचं बारीक छिद्र असतं, डबा चालू ठेवून त्यात पिन घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, सगळे दिवे एकदा जाऊन परत येतात, मग द्या. पण हे नवीन कनेक्शन नीट चालू झाल्यावरच करा, कारण रिसेट केल्यावर जुनं नेटही बंद पडू शकतं.