१४ वर्षांच्या मांजरीला संधिवात, मदत हवी आहे

आमची चिंगी १४ वर्षांची. आयुष्यभर जमिनीवरून थेट ओट्यावर आणि तिथून फ्रिजवर. पावसाळ्यापासून मात्र आधी स्टूल, मग ओटा. उतरताना तर कडेला बराच वेळ घुटमळते. वय झालं, असं वाटलं. मग शी-शू ट्रेच्या बाहेर व्हायला लागली आणि मी तिला चक्क ओरडले. (फार वाईट वाटतंय आता.) कमरेपर्यंत चाटता येत नाही म्हणून तिथे केसांच्या जटा झाल्यात, फणी लावली की गुरगुरते. लंगडत अजिबात नाही, त्यामुळे सांध्यांचं डोक्यातच आलं नाही. दवाखान्यात ती टेबलावर दबून बसते. घरी काढलेला उडीचा व्हिडिओ दाखवला तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे काढला. कोपरं आणि खुबे, दोन्हीकडे संधिवात.

क्रिएटिनिन (रक्ततपासणीत किडनीचं काम दाखवणारा आकडा) थोडं वाढलंय, म्हणून किडनीवर ताण आणू शकणारं मेलॉक्सिकॅम हे सूज-वेदनेचं औषध न देता गॅबापेंटिन हे दुसरं वेदनाशामक दिलंय. पहिले दोन दिवस झिंगल्यासारखी चालत होती. किडनी नाजूक असलेल्या मांजरांना तुम्ही काय दिलंत? घरात काय बदललंत? आणि गोळी कशी भरवता? ही मासा खाते, गोळी बाजूला काढून ठेवते. आई म्हणते, अर्धी पॅरासिटामॉल दे.

प्रतिसाद १
पॅरासिटामॉल अजिबात नको! मांजराच्या शरीराला ती पचवताच येत नाही, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. लंगडत नाही कारण दोन्ही बाजू सारख्याच दुखतात, कुठला पाय उचलणार?
ट्रेची एक बाजू कापून कड दोन इंचांवर आणा. ओट्याशी पाट, चौरंग, स्टूल अशा पायऱ्या लावा, वर तरट घाला म्हणजे पाय घसरणार नाहीत. नखं तुम्हीच कापा, नाहीतर वाढून तळव्यात रुततात. वजन जास्त असेल तर हळूहळू उतरवा. उपाशी ठेवू नका, यकृतात चरबी साठते.

प्रतिसाद २
आम्ही न्यू जर्सीत. आमच्या बोक्याला महिन्यातून एकदा सोलेन्सियाचं (मांजरांच्या संधिवाताच्या वेदनेवरचं औषध) इंजेक्शन देतात. इथे २०२२ मध्ये मान्यता मिळाली. तिसऱ्या महिन्यात तो पुन्हा खिडकीत दिसला. तिकडे मिळेल का, ते डॉक्टरांना विचारा.

धागाकर्ती
आभार! ट्रे कापला. चौरंगही लावला, पण बाई त्यावरच पसरल्यात, पुढे जायचं नाव नाही. गोळीचं मात्र कुणीच सांगितलं नाही!