मॉडेल टी: स्पार्क आणि गॅसचे लिव्हर खाचेत थांबत नाहीत

टिन लिझी २६
गाडी १९२६ची फोर्ड मॉडेल टी. स्टिअरिंगखालचे दोन्ही हात-लिव्हर (स्पार्कचा, म्हणजे ठिणगीची वेळ बदलणारा, आणि गॅसचा, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा) झिजलेत. खराब रस्त्यावर गॅसचा लिव्हर आपोआप वर सरकतो आणि इंजिन मंदावतं. या गाडीला पायाचा अ‍ॅक्सिलरेटर नाही, त्यामुळे चढावर फार अडचण होते. स्पार्कचा लिव्हर दोन-तीन खाचा खाली ओढला तरी टायमर (कोणत्या सिलिंडरला केव्हा ठिणगी द्यायची ते ठरवणारा भाग) जागचा हलत नाही. मूळ भाग टिकवायचे आहेत. दुरुस्त होतील का? गॅसच्या सळईला जोरदार स्प्रिंग लावू का?

लेथवाला
स्प्रिंग नको. ती थ्रॉटल (कार्बुरेटरमधली गॅसची झडप) बंद करायच्या दिशेने ओढेल आणि गुळगुळीत दातांवरून लिव्हर आणखी लवकर सुटेल.

लिव्हरचं जे टोक दातेरी पट्टीवर बसतं ते आधी भिंगाखाली बघा. बहुतेक वेळा पट्टीपेक्षा तेच जास्त झिजलेलं असतं. धार जाऊन ते गोल झालं की खाचेत घट्ट बसतच नाही. टोक घासून चकचकीत करा, त्यावर पितळाचं ब्रेझिंग करून (पितळ वितळवून) थर चढवा आणि बारीक कानशीने पाचरीसारखा आकार द्या. खाचेत बसवल्यावर दोन्ही बाजू टेकल्या पाहिजेत, तळाशी किंचित फट राहिली पाहिजे. तळ आधी टेकला तर लिव्हर डुगडुगतो.

पट्टीच्या खाचांसाठी तीनधारी बारीक कानस वापरा. प्रत्येक खाचेला सारखेच दोन-तीन हात, जास्त नाही. गाडी चालवताना लिव्हर रोज ज्या जागी असतो तिथल्याच खाचा खोल झिजतात. बाकीच्या तेवढ्या खोल करायच्या मागे लागलात तर पट्टीच बारीक होईल.

शेवटी ताण. लिव्हर पट्टीवर दाबून बसायला हवा. व्हाइसमध्ये दांडी धरून लिव्हर थंडच, थोडा थोडा खाली वाकवा. गाडीवर बसवलेला असताना वाकवू नका, सगळा जोर पट्टीच्या रिव्हेटांवर येतो.

टिन लिझी २६
धन्यवाद. लिव्हरवर निकेलचा मुलामा आहे, ब्रेझिंगने जाईल ना?

लेथवाला
टोकाजवळचा जाईल. चांदीचं सोल्डर कमी उष्णतेत वितळतं, तेवढ्याने नुकसान कमी होतं. मधल्या भागावर ओलं फडकं गुंडाळा. पण पितळाइतकं ते टिकत नाही. माझं मत: पितळच चढवा आणि मुलामा नंतर करून घ्या.

टायमर-कॉइल
स्पार्कचा दोष दातांत नाही, जोडांत आहे. एकाला लिव्हर हलवायला सांगा आणि तुम्ही वरून खाली एकेक जोडावर बोट ठेवत या. टायमरच्या आणि कार्बुरेटरच्या टोकाला सळई वाकवून भोकात घातलेली असते, मागे कॉटर पिन. तिथे भोक लांबट होतं आणि सळईला खळगा पडतो. नुसती नवी पिन घालून काही होत नाही. भोक रीमरने (भोक नेमकं गोल करायच्या हत्याराने) गोल करा, पितळी बुश (भोकात बसणारी छोटी नळी) ठोका, आणि सळईच्या टोकावर पितळ चढवून ते बुशमध्ये सैल न होता फिरेल एवढं घासा.

त्यानंतर टायमिंग (ठिणगीची वेळ) तपासल्याशिवाय इंजिन सुरू करायचं पुढचं हँडल मारू नका. ढिलाई गेली की टायमरची जागा बदललेली असते. पेट्रोलचा नळ बंद, चारही प्लग काढून वायरीसकट, भोकांपासून दूर, इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा. स्पार्कचा लिव्हर पूर्ण वर, स्विच बॅटरीवर. हँडल सावकाश फिरवा. पहिल्या सिलिंडरची कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी पेटी) गुणगुणू लागेल तेव्हा पिस्टन वरच्या टोकाला पोचून खाली उतरायला लागलेला हवा. आधीच गुणगुणली तर हँडल उलट मारेल, मनगट मोडतं ते असंच. फरक असेल तर टायमरची सळई वाकवून लांबी जुळवा. मूळ पद्धत हीच आहे.

जुनी चाकं
काम काढलंच आहे तर हँडब्रेकच्या लिव्हरचा खटका (लिव्हर जागी अडकवणारा भाग) आणि दातेही बघा. मॉडेल टीमध्ये हाच लिव्हर क्लचही सोडवतो. खटका सुटून लिव्हर पुढे गेला की टॉप गिअर लागतो, आणि समोर हँडल मारणारा माणूस उभा असतो. लिव्हर मागे ओढून खटका बसवा आणि पुढे जोरात ढकलून बघा. एक दात जरी सुटला तरी खटका काढून त्याची धार नव्याने घासा. दातेही झिजले असतील तर वेल्डिंगने भरून पुन्हा कापावे लागतील. हे होईपर्यंत सुरू करताना मागच्या एका चाकाला पुढून आणि मागून ठोकळे लावा.