मदत हवी आहे: पायांचा ताठरपणा घरी कसा मोजायचा?

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला दीड वर्षापूर्वी मोटरसायकलच्या अपघातात मज्जारज्जूची इजा झाली. पातळी टी६, म्हणजे छातीच्या भागातली सहावी. छातीखाली संवेदना नाही, स्वतःहून हालचाल नाही, पण पाय मात्र स्वस्थ बसत नाहीत. पांघरूण ओढलं की गुडघे पोटाशी येतात. व्हीलचेअरच्या पायपट्टीवर पाऊल टेकलं की टाच थडथडत राहते. रात्री तर त्याची आणि शेजारी झोपणाऱ्या आईची, दोघांचीही झोप मोडते.

दर तीन महिन्यांनी त्याला तपासणीला नेतो. डॉक्टर टेबलावर झोपवून गुडघा वाकवतात, सरळ करतात आणि कागदावर 'एमएएस १+' लिहितात. मी वाचून काढलं. हे मॉडिफाइड अ‍ॅशवर्थ स्केल, ० ते ४. त्यातली १+ ही पायरी १९८७ साली वाढवली गेली. पाय हलवताना मध्येच किंचित अडकतो आणि पुढे थोडा विरोध राहतो, असा तिचा अर्थ. पण हा सकाळी अकरा वाजता डॉक्टरांच्या हाताला जाणवलेला विरोध. रात्री दोन वाजता जे होतं ते त्यात कुठे येतं? मागच्या वेळी पाय नेमके सैल होते. मी "खूप उडतात हो" एवढंच म्हणू शकले. खूप म्हणजे किती, ते मला सांगता आलं नाही. ताठरपणा कमी करायची गोळी, बॅक्लोफेन, तेवढीच राहिली.

शिवाय सगळा ताठरपणा जावा असं त्यालाही वाटत नाही. पलंगावर सरकताना पाय ताठ झाले की त्याचाच आधार होतो. एकदा डोस वाढवला तेव्हा दिवसभर गुंगी होती, पाय लोंबत होते आणि त्याला उचलायला दोन माणसं लागली.

मग रोज नेमकं काय लिहून ठेवू? व्हिडिओ दाखवले तर चालतात का? पलंगाच्या काठावर बसवून पाय सोडून झोके मोजायची पेंडुलम टेस्ट घरी करावी का?

प्रतिसाद:
ताई, मी स्वतः टी४, नऊ वर्षं व्हीलचेअरवर आहे. झटके मोजा. झटके किती वेळा येतात ते मोजणारं पेन (Penn) स्केल सोपं आहे: काहीच नाही तर ०, हात लावल्यावर किंवा हलवल्यावरच आले तर १, आपोआप पण तासाला एकाहून कमी तर २, एकाहून जास्त तर ३, दहाहून जास्त तर ४. शेजारी वेळ, गोळीची वेळ आणि झोप किती वेळा मोडली ते लिहा. व्हिडिओ जरूर न्या. एससीआय-सेट नावाची ३५ प्रश्नांची प्रश्नावलीही डॉक्टरांकडे मागा. गेल्या सात दिवसांत ताठरपणाने त्रास झाला की मदत झाली, हे तुमच्या भावानेच -३ ते +३ मध्ये सांगायचं असतं. पलंगावर सरकतानाचा आधार तिथे मोजला जातो, अ‍ॅशवर्थमध्ये नाही.

पेंडुलम टेस्ट घरी नको. आपल्या पायांची हाडं ठिसूळ झालेली असतात. पाय हळू आणि झपकन हलवून कोनांतला फरक बघतात ती टार्डियू चाचणीही फिजिओकडूनच करून घ्या. स्नायू आखडून आखूड झालाय की नुसता ताठरलाय, ते त्यातून कळतं.

आणि झटके अचानक वाढले तर आधी गोळीकडे नको, लघवी, शौच, पाठीची कातडी आणि पायाच्या नखांकडे बघा. टी६ आहे म्हणून सांगतो, या पातळीवर बीपी अचानक धोकादायक चढू शकतं: सोबत डोकं ठणकलं, घाम फुटला, बीपी चढलं तर त्याला लगेच बसतं करा, कॅथेटर (लघवीची नळी) कुठे अडकलाय का पाहा आणि तडक दवाखाना गाठा. बॅक्लोफेन मात्र एकदम बंद करू नका.

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार. काल रात्री वही घेऊन बसले. ११ ते १२ मध्ये १४ झटके, म्हणजे ४. डोकेदुखी नाही, बीपी नेहमीचंच. पण सकाळी पिशवीत लघवी गढूळ दिसली. नमुना तपासायला दिलाय आणि डॉक्टरांना फोन केलाय. तक्ता भिंतीवर लावलाय, रात्रीचे आकडे आई भरणार आहे.